चालते आहे, मग बदलायचे कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे संगणकाचा सारा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, नियमित देखभाल थांबवली. दिवाळी तोंडावर आली होती. त्याआधी तीनच आठवडे, २२ सप्टेंबरपासून, जीएसटीचे दर बदलले होते आणि दुकानातल्या मालाची दरनोंद नव्याने करण्यात व्यापारी घरे गुंतलेली होती. त्या गडबडीत संगणकाच्या पडद्यावर येणारी सूचना अनेकांनी ‘नंतर पाहू’ म्हणून बंद केली. दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीसारखा सुरू झाला. टॅली उघडली, बिल छापले गेले, बँकेचे पानही उघडले. मग नेमके थांबले काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

देहूरोडच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या आसपास खाली दुकान, वर बिऱ्हाड. पूर्वी गिऱ्हाईक मुख्यतः छावणीतले, लष्करी डेपोतले आणि आयुध निर्माणीतले. पुढे तळेगाव-चाकणचे कारखाने वाढले तसा माल तिकडच्या लहान वर्कशॉपांनाही जाऊ लागला. संगणक २०१६ साली घेतलेला, वरच्या मजल्यावर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. त्याला सारे ‘घरचा संगणक’ म्हणतात. पण रात्री जेवणे आटोपल्यावर दिवसभराची बिले त्यातच चढतात, पार्टीची येणे-देणी त्यातच पाहिली जातात, चालू खात्यातून पैसे त्यावरूनच पाठवले जातात. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या मुदत ठेवींच्या पावत्या त्यात स्कॅन करून ठेवलेल्या असतात. नातवाचे प्रवेशाचे अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर आणि समाजाच्या सभासदांची यादीही त्याच यंत्रात असते. संगणक घरगुती म्हणावा तर पेढीचा सारा हिशोब त्यात आहे. पेढीचा म्हणावा तर त्यावर संध्याकाळी मुले खेळतात.

अशा घरात हा विषय निघाला की संवाद साधारण ठरलेला असतो. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला पुतण्या म्हणतो, “काका, विंडोज बदलायला हवी. टाळून चालणार नाही.” काका वहीवरून नजर न उचलता विचारतात, “अरे, नऊ वर्षांत एकदा तरी अडला का तो? चालतोय ना? मग?” पुतण्या म्हणतो, “चालतोय हो, काका. पण आता तो कुणी दुरुस्त करणार नाही.” काका म्हणतात, “बिघडल्यावर बघू.”

काकांच्या म्हणण्याला जुनाटपणा म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही. चालू यंत्र विनाकारण न बदलणे हा व्यापाराचा जुना धडा आहे आणि बहुतेक वेळा तो पैसा वाचवतो. पंखा, वजनकाटा, शटर यांना तो लागू पडतो. कारण या वस्तू बिघडतात तेव्हा बिघडल्याचे दिसते. संगणकाच्या प्रणालीत मात्र धोका बिघाडाचा नसतो, फटीचा असतो. कोट्यवधी ओळींच्या त्या प्रणालीत चुका राहिलेल्या असतात. त्या सापडत जातात आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवण्यासाठी अपडेट पाठवते. १४ ऑक्टोबरला थांबले ते हे बुजवण्याचे काम. त्यात आणखी एक मेख आहे. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा पुष्कळसा भाग समान आहे. नव्या प्रणालीतील एखादी फट बुजवली गेली की तिचा तपशील जगजाहीर होतो, आणि तीच फट जुन्या प्रणालीत असेल तर तिचा पत्ता चोराच्या हाती आयता पडतो. म्हणून आधार संपलेले यंत्र जसे दिवस जातील तसे अधिक उघडे पडते, जरी त्याच्या चालण्यात तसूभरही फरक दिसला नाही.

हा प्रश्न बँकांपुढेही आला होता. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरीही त्यानंतर चार वर्षे देशातील अनेक एटीएम यंत्रे त्याच प्रणालीवर चालत होती. नोटा बरोबर मोजून देत होती, पावती छापत होती. बँकांच्या संथपणाबद्दल रिझर्व्ह बँकेने तीव्र नापसंती नोंदवली आणि २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने मुदती घालून दिल्या: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. ‘चालते आहे’ हे उत्तर नियामकाने मान्य केले नाही. घरच्या संगणकावर असा नियामक नसतो. तिथे बजावणारा पुतण्याच असतो, आणि त्याचे परिपत्रक कुणी वाचत नाही.

मात्र भीती दाखवताना अर्धे सत्य सांगू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा बळी पडलेली बहुसंख्य यंत्रे अतिजुन्या एक्सपीवर नव्हती. ती विंडोज ७ वर होती, ज्याला त्या वेळी आधार होता. इतकेच नव्हे, तर ती फट बुजवणारे अपडेट दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजी, उपलब्ध झाले होते. ते चढवले गेले नव्हते. म्हणजे नवी प्रणाली विकत आणून तिचे अपडेट बंद करून ठेवणाऱ्याची स्थिती जुनी प्रणाली वापरणाऱ्यापेक्षा फारशी वेगळी नाही. ‘अपडेटने संगणक मंदावतो’ म्हणून ते बंद करून देणारे तंत्रज्ञ बाजारात आजही भेटतात.

त्याच वर्षीची दुसरी घटना व्यापाऱ्याने अधिक बारकाईने पाहावी अशी आहे, कारण तिचा उगम हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये झाला. युक्रेनमध्ये करविवरणे भरण्यासाठी ‘मे-डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जात असे. आपल्याकडे टॅलीचे जे स्थान, तसे काहीसे. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम आत सोडला. २७ जून २०१७ रोजी तो पसरला आणि मार्स्क या जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचे संगणक काही तासांत निकामी झाले. मार्स्क समूहातर्फे चालवले जाणारे न्हावा शेवा येथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनलही त्यात सापडले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या भागाची चढ-उतार खोळंबली. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे जाहीर केले. सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर पुन्हा उभारावे लागले. या हल्ल्यात अद्ययावत केलेली यंत्रेही वाचली नाहीत, कारण एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून तो शेजारच्या यंत्रात शिरत होता.

मार्स्कला अखेर हात दिला तो घाना देशातील एका कार्यालयाने. कंपनीच्या संगणक-जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. घानातील तेवढा एक, हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता, असे पुढे प्रसिद्ध झाले. त्या एका शाबूत प्रतीवरून जाळे पुन्हा उभे राहिले. वीज जाण्याचा असा लाभ क्वचितच कुणाला झाला असेल.

तेव्हा निर्णयाची पहिली पायरी प्रणाली बदलण्याची नाही, प्रत काढण्याची आहे. बँकेच्या तिजोरीच्या दुय्यम किल्ल्या त्याच शाखेत ठेवत नाहीत, दुसऱ्या शाखेत जमा करतात. हिशोबाच्या प्रतीलाही तोच न्याय लावावा. संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क ही दुसरी प्रत नव्हे, कारण जे संकट संगणकावर येईल तेच तिच्यावरही येईल. टॅलीचा डेटा, ठेवींच्या पावत्या, फोटो, याद्या हे सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. आणखी एक प्रत मुलीच्या किंवा भावाच्या घरी असली तर उत्तम. उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणजे प्रणाली बदलताना जुन्या वर्षांचा डेटा गेला तर सबब सांगायला जागा नाही.

त्यानंतर यंत्राकडे वळावे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ प्रत्येक संगणकावर चढत नाही. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ आहेत. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप लागते. दोन, प्रोसेसर ठरावीक काळानंतरचा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून बाजारात आलेला. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्रॅम चालवला की यंत्र पात्र आहे की नाही ते कळते. पुष्कळदा टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती चालू केली की भागते, नवा संगणक लागत नाही. उलट देहूरोडच्या त्या घरातील २०१६ सालचा संगणक प्रोसेसरवरच अडेल. अशा यंत्रावरही आडमार्गाने विंडोज ११ ‘बसवून देतो’ म्हणणारे मिळतात. पण अपात्र यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच मिळण्याची खात्री नसेल तर तो करू नये.

ज्यांचे यंत्र पात्र नाही त्यांनी लगेच खरेदीला धावण्याचेही कारण नाही. घरगुती संगणकांसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव सुरक्षा-सेवा दिली आहे. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक उघडून त्याच्या सेटिंगची नोंद त्या खात्यावर ठेवली तर ती विनामूल्य मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरून. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. नोंदणीची सोय सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावरच असते. ही सवलत घरगुती वापरासाठी आहे हे मात्र विसरू नये. व्यवसायाच्या संगणकांसाठी दर निराळा ठरवला आहे: पहिल्या वर्षाला प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. दुकानाच्या गल्ल्यावरील संगणकाला हा खर्च करण्यापेक्षा तो यंत्र बदलण्याकडे वळवणे हिशोबाने शहाणपणाचे ठरते. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही आधार त्याच १४ ऑक्टोबरला संपला. बाहेरून ई-मेलने आलेल्या एक्सेल फाइली ज्यांच्याकडे रोज उघडल्या जातात त्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

एक गोष्ट व्यापारी वर्गात उघडपणे बोलली जात नाही. सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकांत विंडोजची प्रत कित्येकदा परवान्याशिवाय टाकलेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. विंडोज ११ चे विनामूल्य अपग्रेड परवाना असलेल्या विंडोज १० वरच मिळते. सेटिंगमधील ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर आपली स्थिती दिसते. तिथे संशय आला तर जोडणाऱ्याला परवान्याचे बिल मागावे. कुलूप तोडणारा प्रोग्रॅम टाकून ‘ॲक्टिव्हेट’ केलेल्या संगणकावरून चालू खात्याचे व्यवहार करणे म्हणजे ओळखदेख नसलेल्या माणसाकडून तिजोरीची किल्ली करून घेण्यासारखे आहे. त्याने आपल्यासाठी किती किल्ल्या केल्या हे कधी कळत नाही.

अपग्रेडमध्ये खरी अडवणूक करतात त्या जुन्या सोबत्यांच्या गोष्टी. काही पेढ्यांत डॉसवर चालणारे फॉक्सप्रोमधले हिशोब अजून आहेत. जुन्या वर्षांच्या खतावण्या त्यातच उघडतात. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती असे काही जुने प्रोग्रॅम चालवू शकत होती. विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे ते तिच्यावर सरळ चालत नाहीत. कार्बन लावून तीन प्रतींत बिल छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, जुन्या श्रीलिपीत टाइप केलेल्या मराठी फाइली, या प्रत्येकाचा ड्रायव्हर किंवा फॉन्ट नव्या प्रणालीवर चालतो का, हे आधी पाहून घ्यावे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवला तर पुढची तीस वर्षे तो कुठल्याही यंत्रावर वाचता येईल. समाजाच्या याद्या आणि जुने वृत्तान्त ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे काम संगणक बदलायचा नसला तरी करून ठेवावे.

वेळ कोणती निवडावी हाही साधा पण महत्त्वाचा मुद्दा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी भरायचे असते. त्याच्या आधी प्रणालीला हात लावू नये. २० तारखेनंतरचा, दुकान बंद असण्याचा दिवस बरा. अपग्रेडनंतर जमले नाही तर दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परतता येते. तेवढ्या दिवसांत बिल छापणे, स्वाक्षरीचा टोकन, बँकेचे पान आणि टॅली हे चारही एकदा तपासून पाहावे. आणखी एक सावधगिरी: मायक्रोसॉफ्टच्या खात्याने उघडलेल्या नव्या संगणकात डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. तिची किल्ली म्हणजे ४८ अंकांचा आकडा, आणि ती त्या खात्यात साठवलेली असते. खाते पुतण्याच्या नावाने, पासवर्ड त्याच्याच डोक्यात आणि तो नोकरीनिमित्त परगावी, अशी स्थिती अनेक घरांत होऊ शकते. तो आकडा कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि काकांना तो कुठे आहे हे माहीत असावे.

हा खटाटोप कुणासाठी, याचे उत्तर खात्यातील शिलकेत आहे. अनधिकृत ऑनलाइन व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. आधार संपलेल्या संगणकाचा वापर निष्काळजीपणात मोडतो असे त्या नियमांत म्हटलेले नाही. पण पासवर्ड आपल्याच संगणकातून चोरीला गेला असेल तर वाद कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज बांधता येतो. पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवावे. घरातल्या सल्लामसलतीत रात्र घालवू नये.

या सगळ्यातून देहूरोडच्या त्या घराला मार्ग सापडतो तो असा की, एकाच यंत्राने सगळी कामे करण्याचा आग्रह सोडावा. बँक, जीएसटी आणि ई-मेल यांसाठी विंडोज ११ चालणारा एक साधा संगणक घ्यावा, आणि त्यावर मुलांचे खेळ व इतर डाउनलोड चालू देऊ नयेत. तोवर जुन्या संगणकावर वाढीव सेवेची नोंदणी करून घ्यावी. नंतर तो जुन्या खतावण्या आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी इंटरनेटची तार काढून खुशाल चालवावा. नसेल लागत तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू ही विनामूल्य प्रणाली टाकून मुलांच्या अभ्यासाला द्यावा. टॅली तिच्यावर सरळ चालत नाही, पण मराठी टायपिंग आणि इंटरनेट उत्तम चालते. काकांना त्यांची जुनी वर्षे जुन्या यंत्रावरच सापडतील, हे एकदा स्पष्ट झाले की बदलाला त्यांचा विरोध उरत नाही. बहुधा त्यांना भीती नव्या विंडोजची नसतेच, जुने येणे कुठे गेले हे रात्री अकराला सापडणार नाही याची असते.

आणि तो संगणक भंगारात द्यायची वेळ आलीच, तर देण्याआधी त्यातील हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. फाइली डिलिट केल्याने त्या पुसल्या जात नाहीत, आणि भंगारवाला वजन करतो तेव्हा आत किती वर्षांचा हिशोब आहे हे त्याला दिसत नसले तरी पुढे तो कुणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही.